उर्फ सिंधू

कराचीहून आलेलं पत्र वाचून घ्यायचं तर जयमालाबाईंना कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर जावं लागे. पत्र मराठीत असे, पण अक्षरं उर्दू. थोरली बहीण, सुंदराक्का, पूर्वी स्वतः लिहायची, टपोऱ्या मोडक्या बाळबोध अक्षरात. मग तिची नजर गेली. तेव्हापासून ती सांगायची आणि तिचा मुलगा नंदकिशोर लिहायचा. तो घरात मराठी बोलून वाढलेला, शाळा मात्र सगळी उर्दूतली. कानाला येईल ते तो त्याला येणाऱ्या अक्षरांत उतरवून मोकळा व्हायचा.

कळंबोलीत उर्दू वाचणारा माणूस एकच, निहालसिंग. लोखंड बाजाराच्या कडेला त्याचे पाच-सहा ट्रक उभे असत. लाहोरजवळच्या कुठल्याशा गावात चौथीपर्यंत शिकलेला, सत्तरीकडे झुकलेला माणूस. जयमालाबाईंचा मुलगा दिलीप बाजारातल्या वजनकाट्यावर कारकून होता, त्यानेच ही ओळख करून दिली. निहालसिंगला मराठी येत नव्हती आणि जयमालाबाईंना उर्दू. तो अक्षर लावायचा, त्या अर्थ लावायच्या.

ही एक्याण्णव सालची गोष्ट. दुपारची वेळ होती. कुठेतरी सळया उतरवत होते, त्यांचा खणखणाट थांबून थांबून येत होता. निहालसिंगने चष्मा पुसला आणि बाजेवर बसून वाचायला घेतलं.

“सेंधू,” तो म्हणाला, “तोला बगीतल्याशेवाय मी मरनार नाही. डोले गेले. पन कान हाएत. एऊन जा.”

तो थांबला. “बहनजी, ये डोले क्या है?”

“आँख,” जयमालाबाई म्हणाल्या.

“और ये सेंधू कौन?”

दोन वर्षं हा माणूस हे नाव वाचत होता आणि आजवर त्याने विचारलं नव्हतं. “मैं,” त्या म्हणाल्या. “शादी से पहले.”

निहालसिंगने मान डोलावली. त्यांच्याकडेही काही घरांत बायकांची नावं बदलत, म्हणाला. मग पाकिटातून दुसरा कागद काढला. तो टंकलेला होता, खाली सही, बाजूला शिक्का. कराचीत राहणारी सुंदराबाई आपली सख्खी बहीण सिंधू बाळाजी नार्वेकर हिला भेटीला बोलावत आहे, तिच्या राहण्याजेवणाची जबाबदारी आपली, असं त्यात होतं.

त्या घरी चालत आल्या. खाडीकडून खारट वारा येत होता. डोळे मिटले की हाच वारा कराची बंदरातल्या कियामारीच्या धक्क्यावरचा व्हायचा. उंटगाडीचे घुंगरू वाजायचे आणि अक्का हात धरून म्हणायची, “सिंधू, पाण्याकडे बघत चालू नकोस, पडशील.” कळंबोलीच्या रस्त्यावर त्या पाण्याकडे बघत चालल्या. पाणी नव्हतंच. भराव टाकून सपाट केलेली जमीन, आणि पलीकडे सिडकोच्या इमारती, एकसारख्या, कुणीतरी साच्यातून काढल्यासारख्या.

जेवताना त्यांनी जाहीर केलं. “मी अक्काकडे जाऊन येते.”

दिलीपचा घास हातातच राहिला. “कुठे? कराचीला?”

“आगगाडीनं. मुनाबाववरून. आलो तशीच जाईन.”

“आई, ती गाडी पासष्टच्या युद्धात बंद झाली. आता सगळं अटारीवरून. दिल्ली, अमृतसर, अटारी, मग हद्द, मग लाहोर, आणि तिथून पुढे कराची. पंजाबात काय चाललंय वाचतेस ना पेपरात?”

“वाचते. पण मी पंजाबात राहायला कुठे चाललेय? मी त्यातून जाणार.”

सून नंदिनी हसली. “जाऊ द्या हो त्यांना. मला माहेरी जायला तुम्ही दोन दिवस अडवता. यांनी तर चव्वेचाळीस वर्षं काढलीत.”

सत्तेचाळीसच्या शेवटी त्या आल्या तेव्हा त्यांना एकही कागद लागला नव्हता. एकोणीस वर्षांची मुलगी, आई-वडील, दोन वळकट्या आणि पाण्याची सुरई. गाडी वाळवंटातून आली. कुठेतरी कुणीतरी म्हणालं, आलो, आणि सगळे खिडकीशी गेले. बाहेर वाळूच होती. अलीकडे वाळू, पलीकडेही वाळू. अक्का स्टेशनवर पोचवायला आली होती. तिचा नवरा बंदरात नोकरीला, घर बांधलेलं. “चार-सहा महिन्यांत निवळेल सगळं,” ती म्हणाली होती, “तोवर लोणचं पुरवून खा.”

आता मात्र कागद लागणार होते. पासपोर्ट आला. त्यात जयमाला वामन आचरेकर. जन्मस्थान कोटरी, सिंध. त्यांचे वडील तिथे रेल्वेत होते. जन्माचा दाखला कुठून आणणार, म्हणून शाळेचा दाखला, तोही जुन्या ट्रंकेत सापडला. मग फोटो, बारा प्रती. फोटोत डोक्यावरून पदर होता म्हणून पुन्हा बारा प्रती.

व्हिसासाठी दिलीप रजा काढून त्यांना मुंबईला घेऊन गेला. खिडकीमागचा माणूस सभ्य होता. त्याने पासपोर्ट एका हातात धरला आणि आमंत्रणाचा कागद दुसऱ्या.

“ये सिंधू नार्वेकर कौन हैं?”

“मीच.”

“इसमें तो जयमाला लिखा है।”

“शादी के बाद बदला.”

“सरनेम बदलता है, अम्मा. पहला नाम भी?”

“हमारे में बदलता है,” जयमालाबाई म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नाहीत हे त्याला कळत होतं, पण खरं कसं लिहायचं हे उमगत नव्हतं. दिलीपने विचारलं, लग्नाची पत्रिका चालेल? होती पत्रिका, हळदीचे डाग पडलेली. पण पत्रिकेत चि. सौ. कां. सिंधू. त्यापुढच्या सगळ्या कागदांवर, रेशनकार्डापासून वामनरावांच्या पेन्शनपर्यंत, जयमाला. दोन्ही नावं एका कागदावर कुठेच नव्हती. ती फक्त एकदा एकत्र आली होती, एकोणपन्नास साली, मालवणात, चांदीच्या ताटात. ताटात तांदूळ पसरलेले, आणि नवऱ्यामुलाने सोन्याच्या अंगठीने त्यात नाव काढलं. सिंधू समोर बसली होती, तिला ते उलटं दिसलं. ला… मा… य… ज. ती लावून वाचेपर्यंत सासूने ताट उचललं आणि तांदूळ हलवून सारखे केले. अक्षरं गेली. सगळे हसले, पेढे वाटले. गेलं ते कुठलं नाव, हे सिंधूला तेव्हा कळलं नव्हतं.

खिडकीतला माणूस म्हणाला, दोन रस्ते आहेत. बहिणीकडून जयमालाच्या नावाने नवा कागद मागवा. नाहीतर पासपोर्टात दुसरं नाव चढवून आणा.

पहिला रस्ता सोपा. त्याच संध्याकाळी दिलीप त्यांना नाक्यावरच्या आयएसडी बूथमध्ये घेऊन गेला. काचेच्या खोक्यात त्या आणि दिलीप कसेबसे मावले. बऱ्याच वेळाने लांबून, पाण्याखालून आल्यासारखा आवाज आला.

“मावशी? मी नंदू. सगळी खैरियत ना?”

त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, उद्याच करतो, मुश्किल काय त्यात, थांबा, आईला विचारतो, सही तिचीच लागते. मग पलीकडे कुजबुज. मग खोकला. आणि मग अक्काचा आवाज, चव्वेचाळीस वर्षांनी, थेट कानात.

“कोण जयमाला?”

“अक्का, मीच गं.”

“माझी जयमाला नावाची बहीण नाही.”

“अगं, कागदापुरतं.”

“कागदापुरत्या खोट्यावर मी सही करणार नाही. तुझं नाव कुणी ठेवलं?”

जयमालाबाईंना उत्तर माहीत होतं. बारशाला आत्या कोकणातून कोटरीपर्यंत पोचली नाही, म्हणून नऊ वर्षांच्या अक्कानेच आत्याचा मान घेतला. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. सिंधू, कारण नदी घरासमोरून वाहत होती आणि नऊ वर्षांच्या मुलीला दुसरं मोठं काही माहीत नव्हतं.

“तू,” त्या म्हणाल्या.

“मग? मला न विचारता बदललंत. पत्रानं कळवलंत. आता मीच सही करून म्हणू, की हो, बरोबर केलंत?”

“अक्का, मला यायचंय.”

“मग सिंधू म्हणून ये. नाहीतर येऊ नकोस,” अक्का म्हणाली. लाइन खरखरली आणि तुटली.

दिलीप भडकला. “एवढी म्हातारी झाली तरी हट्ट बघ. एका सहीसाठी.”

“तुझी मावशी आहे ती,” जयमालाबाई म्हणाल्या. “तिच्याकडे माझं दुसरं काही नाही. एक नाव तेवढं आहे.”

मग दुसरा रस्ता. पनवेलला कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या टंकलेखकाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं: मी जयमाला वामन आचरेकर उर्फ सिंधू बाळाजी नार्वेकर, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. जयमालाबाईंनी ते तीनदा वाचलं. असं कुणी आपल्याबद्दल कधी लिहील असं त्यांना वाटलं नव्हतं.

अर्ज पासपोर्ट कचेरीत गेला आणि महिनाभराने चौकशीला हवालदार आला. सयाजी नाव, साताऱ्याकडचा, पोट सुटलेला, पायऱ्या चढून दमलेला. नंदिनीने पाणी दिलं. त्याने फाईल उघडली आणि भुवया वर गेल्या.

“आजी, हे उर्फ कशापायी? उर्फ तर आमच्याकडं त्या मंडळींच्या नावात असतं. बाळ्या उर्फ बाटली. पक्या उर्फ लंगडा.”

“मग मी सिंधू उर्फ जयमाला. तडीपार.”

सयाजी मोठ्याने हसला. मग पुन्हा फाईलीत बघून गंभीर झाला. “चेष्टा ऱ्हाऊ द्या. हितं लिवलंय, दोन्ही नावांनी ओळखणारा, घराबाहेरचा माणूस पाहिजे. जबाब घ्याचा हाय. सोसायटीत हाय का कुणी?”

सोसायटीत सगळे त्यांना दिलीपची आई म्हणत. जयमाला नाव सेक्रेटरीलासुद्धा देखभालीच्या पावतीपुरतं ठाऊक होतं. सिंधू म्हणून ओळखणारी माणसं एकेक करून गेली होती. आई गेली, वडील गेले, शाळेतली एक मैत्रीण वेंगुर्ल्याला होती, तीही गेल्या वर्षी. नाव कसं संपत जातं ते त्यांनी आजवर मोजलं नव्हतं. जाणारा माणूस जाताना तुमचाही एक तुकडा घेऊन जातो. आता एकच उरली होती, आणि ती जबाब द्यायला कळंबोलीला येणार नव्हती. तिच्याकडे पोचायला जबाब हवा, आणि जबाब देणारी तीच.

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या.

सयाजीने डोकं खाजवलं. “मग अडलं, आजी. माझ्या हातात असतं तर मी लिवलं असतं.”

तो दारात चपला घालत होता तेव्हा नंदिनी म्हणाली, “आई, सरदारजी?”

तिघं मिळून लोखंड बाजारात गेले. निहालसिंग एका ड्रायव्हरला शिव्या घालत होता. पोलीस बघून त्याने शिव्या आवरल्या. सयाजीने विचारलं, या बाईंना ओळखता का, कुठल्या नावाने.

“जयमाला जी. दिलीप की माँ.”

“आणि सिंधू?”

निहालसिंगने जयमालाबाईंकडे बघितलं. काय अडलंय ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“दो साल से मैं ही तो बुलाता हूँ इनको सिंधू,” तो म्हणाला. “हर महीने. पहली लाइन वही होती है।”

“तुमी बुलाता?”

“मेरी ही ज़बान से निकलता है, हवलदार साहब. लिखता कोई और है. लेकिन जब मैं सिंधू बोलता हूँ तो ये हाँ बोलती हैं. झूठ है, बहनजी?”

त्यांना खरंच आठवलं. दर पत्राच्या सुरुवातीला तो सेंधू म्हणायचा, आणि दर वेळी आपल्या तोंडून नकळत ‘ओ’ गेलेली असायची, लहानपणी अक्काने हाक मारल्यावर जायची तशी.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या.

सयाजीने जबाब लिहून घेतला. खाली निहालसिंगने उर्दूत सही केली. सयाजी म्हणाला, इंग्लिशमध्ये करा, हे आमच्या सायबाला मुंग्या वाटतील. मग त्याने शेजारी इंग्रजीतही केली, एक एक अक्षर कोरून.

पासपोर्टात शेरा चढून आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. व्हिसा मिळाला, एक महिन्याचा, फक्त कराचीचा. लाहोरला उतरायचं पण राहायचं नाही. कराचीला पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांत नोंद. दिलीपने सगळ्या सूचना कागदावर लिहून त्यांच्या पर्समध्ये घातल्या, आणि मग त्याच कागदाची दुसरी प्रत ब्लाउजच्या खिशात.

जानेवारीत दिलीप अटारीपर्यंत सोबत आला. फाटकापुढे त्याला जाऊ देईनात. “आई, पासपोर्ट हातात ठेव,” तो म्हणाला. “नाव विचारलं तर आधी जयमाला सांग. मग उर्फ.” जयमालाबाई त्याच्या गालाला हात लावून आत गेल्या. लांबलचक बाकांवर सामान उघडून बघितलं गेलं, बंद केलं गेलं. शिक्का पडला.

धुकं होतं. असं धुकं त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. गाडी सुटली ती चालते की उभी आहे हे कळेना. खिडकीबाहेर पांढऱ्यात गव्हाचं थोडं हिरवं दिसायचं आणि विरायचं. हद्द आता येईल, आता येईल म्हणून त्या टक लावून बसल्या. कुठेतरी एक झाड पुढे आलं, काळं, ओलं, आणि मागे गेलं. ते झाड या बाजूचं की त्या, कोण सांगणार. बराच वेळ असा गेला, किंवा थोडाच गेला असेल. मग समोरच्या म्हाताऱ्याने खिडकीबाहेर बघून टोपी नीट केली आणि म्हणाला, “लो, आ गए.” जयमालाबाईंनी बाहेर बघितलं. गहूच होता.

लाहोरला दुसरी गाडी. दिवस गेला, रात्र गेली. झोपेत त्यांना चाकांचा आवाज कळंबोलीच्या सळयांसारखा आला, मग रेल्वेतल्या वडिलांच्या कंदिलासारखा पिवळा उजेड आला. जाग आली तेव्हा आवाज बदललेला होता, पोकळ, खालून. पूल होता. खाली रुंद, मातकट, मंद पाणी, वर सकाळ.

शेजारच्या बाकावर एक सिंधी बाई मुलीची वेणी घालत होती. जयमालाबाईंनी नकळत हात जोडले, ते तिने बघितलं. “कोटरी का पुल है,” ती म्हणाली.

“मालूम है,” जयमालाबाई म्हणाल्या. “मैं यहाँ पैदा हुई.”

बाईने वेणी अर्धी सोडून त्यांच्याकडे बघितलं. मग मुलीला खिडकीतून थोडं बाजूला केलं, त्यांना नीट दिसावं म्हणून.

कराचीच्या फलाटावर गर्दी होती. नंदकिशोरला त्यांनी फोटोवरून ओळखलं, टक्कल वगळता. त्याच्या शेजारी बाकावर अक्का बसली होती, काळा चष्मा, नऊवारीवर शाल, काठी दोन्ही हातांनी धरलेली. एवढीशी. अक्का उंच होती. उंच होती ना?

त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. अक्काने पावलांचा आवाज ऐकून मान वर केली.

“आलीस का गं, जयमाला?” ती म्हणाली.

जयमालाबाई खाली बसल्या, फलाटावरच, तिच्या पायांशी.

“दोन महिने घोकतेय,” नंदकिशोर म्हणाला. “आधी जीभ वळेना. रोज सकाळी चहाबरोबर. म्हणाली, ती बेचाळीस वर्षं ते नाव घेऊन जगली, मी एकदा तोंडातून काढलं तर काय झिजणार आहे.”

“मग फोनवर का तसं बोललीस?” जयमालाबाईंनी विचारलं.

“फोनवर राग आला होता. राग उतरेपर्यंत लाइन तुटली.” अक्काने हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी. “नवा कागद पाठव म्हटलं याला, तर हा म्हणतो, आता उशीर झाला, तिथे दुसरंच काही चाललंय. काय चाललं होतं?”

जयमालाबाईंनी पर्स उघडून पासपोर्ट काढला, शेऱ्याचं पान उघडलं आणि अक्काच्या हातात दिला. “तू सांगितलंस तशी आलेय. लिहून आणलंय.”

“कुठे?”

त्यांनी अक्काचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. ओळ सपाट, टंकलेली, बोटाला काहीच लागत नव्हतं. तरी अक्काने बोट उचललं नाही. हमाल सामान घेऊन बाजूने गेले, एक गाडी सुटली, नंदकिशोर घड्याळ बघायला लागला.

“आई, घरी जाऊ या. आजच्या आज पोलीस थाण्यात नोंद करावी लागते. तिथे विचारतील, बाईंचं नाव काय म्हणून.”

अक्काने मान जयमालाबाईंच्या दिशेने वळवली. “काय सांगायचं गं?”

“दोन्ही,” त्या म्हणाल्या आणि अक्काला काखेतून धरून उठवू लागल्या. “रकाना मोठा असतो.”